विषय: बाबांचं करताना माझी झोप

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. बाबा आता आमच्याकडेच असतात. त्यांना डिमेन्शिया आहे. दिवस कसाबसा निभतो, रात्र निभत नाही. मध्यरात्री उठतात, शर्टाची बटणं लावतात आणि "ऑफिसला उशीर होतोय" म्हणत दाराचं लॅच चाचपत राहतात. समजावलं की चिडतात. ते परत झोपले तरी माझा डोळा लागत नाही. सकाळी नोकरी असतेच. भाऊ दुसऱ्या देशात आहे. रोज फोन करतो आणि रोज काहीतरी नवीन सुचवतो. फोन ठेवला की मला रडू येतं.

कोणी यातून गेलं असेल तर नेमकं काय केलंत ते सांगाल का?

---

ताई,

आईचं मी शेवटपर्यंत केलं, म्हणून लिहितो. सगळ्यात आधी झोप. योगासनं करा, छंद जोपासा असं लोक सांगतील. ते खोटं नाही, पण झोप न झालेल्या माणसाला तेही आणखी एक कामच वाटतं. आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या नाहीत, असं घरात ठरवून टाका. त्या रात्री मिस्टर उठतील, नाहीतर पगारी मदतनीस. तुम्ही लांबच्या खोलीत, दार लावून झोपा, कारण आवाज कानावर आला की आपण उठतोच.

हे चोचले नाहीत. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली डिमेन्शियाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम बारीकशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. तशाच वयाच्या इतर बायकांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले. पाहणी लहान होती, पण मला ती विसरता आलेली नाही. पुढे १९९९ साली शुल्झ आणि बीच या संशोधकांनी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांची काही वर्षं नोंद ठेवली. ज्यांची त्यात ओढाताण होत होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांना तसा ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे करणं सोडायचं नाही, ओढाताण कमी करायची.

भावाला एक खातं पूर्ण सोपवा: विमा, कागदपत्रं, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट, औषधं मागवणं. हे सगळं लांबून होतं. त्यात तुम्ही डोकं घालायचं नाही आणि तो चुकला तरी लगेच हातात घ्यायचं नाही. वर्षातून एकदा त्याने येऊन राहायचं आणि तेवढे दिवस तुम्ही घराबाहेर. माझ्या बहिणीशी हे बोलायला मला फार जड गेलं होतं, पण बोलल्यावर ती म्हणाली, "मला कोणी काही नेमकं सांगतच नव्हतं."

---

ताई, मी नर्स आहे, म्हणून थोडी भर.

संध्याकाळनंतर अशी घालमेल वाढणं या आजारात नेहमीचं आहे. सकाळी बाबांना उजेडात बसवा, दुपारची झोप आटोक्यात ठेवा. लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं याकडे लक्ष द्या, कारण ते सांगू शकत नाहीत आणि मग उठून फिरतात. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर तो आजाराचाच भाग समजू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा जंतुसंसर्ग निघतो. झोप यावी म्हणून ॲलर्जीची डायफेनहायड्रामिनची गोळी तर मुळीच नको. म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ तिने वाढतो.

"ऑफिस कधीच संपलं" असं सांगून उपयोग नाही. "तिथे काय काम असायचं?" असं विचारा, बोलता बोलता खुर्चीपर्यंत आणा.

आणि तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना सांगा की तुम्ही वडिलांचं करता. काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजायला झॅरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती मागा.

---

मुलांनो, मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझी ऐंशी उलटली आहे, डोकं अजून जागेवर आहे. मुलांना कागदावर लिहून दिलंय: मला आवरेनासं झालं तर परकं माणूस ठेवा, मला वाईट वाटणार नाही, आणि तेव्हा मी नको म्हणाले तरी आजचं माझं म्हणणं धरा. ज्यांचे आईवडील अजून बोलू शकतात, त्यांनी हे आत्ताच विचारून घ्या. आम्ही आपणहून विषय काढत नाही.

---

काका, ताई, आजी,

भावाला काल लिहिलं. विमा आणि अपॉइंटमेंट त्याच्याकडे गेल्या. सुट्टीचं तो बघतोय. शुक्रवार-शनिवार रात्री हे बाबांच्या खोलीत झोपतील. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, या वेळी माझ्यासाठी. आजी, सासूबाईंशी या रविवारी बोलणार आहे. तुमची मेल त्यांना वाचून दाखवली तर चालेल ना?

रात्रीची मदतनीस कोणी ठेवली असेल, तर पहिल्या आठवड्यात तिची आणि घरच्या माणसाची ओळख कशी करून दिलीत, तेवढं कळवा.