निसर्गोपचारतज्ज्ञाची नोंदणी कुठे तपासायची?

प्रश्न: सासूबाईंना सांधेदुखीसाठी निसर्गोपचाराला नेलं. भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट, पण नोंदणी क्रमांकाची जागा कोरी! विचारलं तर म्हणे, "आमच्यात लागत नाही." खरंच?

उत्तर १: अर्धं खरं. २०२० च्या भारतीय वैद्यक पद्धती आयोग कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आहेत, निसर्गोपचार नाही. त्यामुळे नोंदणीचे नियम राज्यागणिक वेगळे. कर्नाटकात ती १९६१ च्या कायद्याखाली होते. तुम्ही आधी पदवी बघा: बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगविज्ञानातली पदवी), इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची.

उत्तर २: आणि बीपीच्या गोळ्या बंद करा म्हणाले, तर सरळ उठून या. क्रमांक असो-नसो.

प्रश्नकर्ती: मोबाइलमध्ये फोटो होता, झूम करून पाहिला. पत्राद्वारे डिप्लोमा! मातीची पट्टी मात्र मस्त गार होती, म्हणतात सासूबाई.