म्युझिक प्लेअरचा हेडफोन जॅक बिघडला आहे : दुरुस्त करावा का?

नमस्कार. माझ्या दहा वर्षे जुन्या म्युझिक प्लेअरवर हल्ली स्टिरिओ ध्वनिमुद्रण लावले की गायिकेचा आवाज विहिरीतून आल्यासारखा दबतो आणि तानपुरे मात्र स्वच्छ ऐकू येतात. जुनी मोनो ध्वनिमुद्रणे तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. पिन अंगठ्याने एका बाजूला दाबून धरली की सारे पूर्ववत होते. हाच हेडफोन लॅपटॉपला व्यवस्थित चालतो. बॅटरी अजून चांगली आहे आणि बोटांना बटणांची सवय झाली आहे, त्यामुळे हा प्लेअर टाकून देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मी पुण्यात राहते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की दोष त्यांतूनच कळतो. ३.५ मिलिमीटरच्या साध्या पिनच्या टोकातून डावा आवाज जातो, मधल्या कड्यातून उजवा, आणि मुळाकडचा भाग दोघांचे सामाईक ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, असतो. ते ग्राउंड सुटले की डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक तेवढा कानांवर पडतो. गायिकेचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो विरतो, आणि मोनोमध्ये तर फरकच नसतो. आधी प्लेअर बंद करून टॉर्चच्या उजेडात जॅकमध्ये पाहा. खिशातला कचरा तळाशी दाबला गेला असेल, तर पिन पूर्ण आत बसत नाही. तो लाकडी टूथपिकने हलकेच काढावा. टाचणी कृपया घालू नका, कारण तिने आतली पत्री वाकते.

प्रतिसाद २
वरील निदान मला पटते, परंतु पिन दाबल्यावर आवाज परत येतो, त्यावरून कचऱ्यापेक्षा सोल्डर (वितळवून केलेला धातूचा सांधा) तडकल्याचा संशय मला अधिक येतो. वायर वारंवार ओढली गेली की जॅकचे पाय सर्किट बोर्डापासून सुटू लागतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी करा आणि कारागिराला दोन गोष्टी आवर्जून सांगा : काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी, आणि जॅक बदलण्याआधी जुन्याच पायांना फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे रसायन) लावून पुन्हा सोल्डर करून पाहावे. त्याच मापाचा नवा जॅक मिळवणे हेच खरे कटकटीचे काम असते.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कचरा निघाला, पण फरक पडला नाही. कारागिराने भिंगातून दाखवले तेव्हा जॅकच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल भेग स्पष्ट दिसली. नवे सोल्डर केल्यावर गायिकेचा आवाज पुन्हा मधोमध आला. झटका थेट जॅकला बसू नये, म्हणून एल आकाराची पिन असलेली वीतभर एक्स्टेंशन वायर त्यांनी सुचवली. ती आता कायम लावलेली असते आणि हेडफोनची काढघाल तिच्याच दुसऱ्या टोकाला करते.