थंडीत टायरची हवा कमी दाखवते, काय करावे?

प्रश्न: थंडी वाढल्यापासून टायरच्या हवेचा दिवा सकाळी लागतो आणि गाडी थोडी चालल्यावर विझतो. पंक्चर नसताना हवा भरावी का?

उत्तर १: अवश्य भरावी. तापमान साधारण ५ ते ६ अंश सेल्सियसने उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) घटतो. चालताना टायर तापून दाब वाढतो, एवढ्यानेच दिवा विझतो. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर दाब मोजावा आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर दिलेल्या आकड्याइतका ठेवावा. टायरच्या कडेवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तो प्रमाण मानू नये.

उत्तर २: टायरवरच्या खाचांचीही खोली पाहावी. अनेक देशांत कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, पण बर्फावर ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. तापमान ७ अंशांखाली राहत असेल, तर उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड घटते. हिवाळी टायर घ्यायचेच झाले तर चारही घ्यावेत, कारण दोनच बसवल्यास पुढच्या आणि मागच्या चाकांची पकड असमान होते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. स्टेपनीलाही हाच दाब ठेवावा का?

उत्तर १: पूर्ण आकाराची असेल तर होय. लहान, तात्पुरत्या स्टेपनीला मात्र बहुधा ६० पीएसआय लागतात, म्हणून तिच्यावरील आकडा वाचावा.