शुगरची वही ते मोबाईल: तुमचे अनुभव लिहा

सायली_ठाणे:
कपाट आवरताना बाबांची शंभरपानी वही हाती लागली. उपाशीपोटी, जेवणानंतर, इन्सुलिनची युनिटं, सगळं बारीक अक्षरात. रात्रीचा रकाना तेवढा कोरा. शुगर उतरायची ती नेमकी रात्रीच, गंजी घामाने चिंब आणि आई साखरपाण्याचा पेला घेऊन धावायची. आता माझ्या लेकाला टाइप वन डायबेटिस आहे. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर, ७० च्या खाली गेली की माझा फोन वाजतो. तुम्ही काय वापरता?

नाशिककर:
साबुदाणा खिचडी खाल्ल्यावर सेन्सरच्या आलेखाची रेघ सरळ वर! डॉक्टर किती वर्षं सांगत होते. त्या दिवसापासून एकादशी बंद, आईनेही समजून घेतलं.

माऊ:
सायली, रात्री अलार्म वाजला की आधी बघ, लेक त्याच दंडावर तर झोपला नाही ना. दाब पडला की सेन्सर खोटी कमी शुगर दाखवतो. शंका आली तर बोट टोचून बघायचंच. शिवाय तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. कुकर झाला, येते.

सायली_ठाणे:
अगं, हे कुणीच सांगितलं नव्हतं! आजच बघते.

जर्सीची_सून:
सासूबाई सांगलीत, आकडे मला इथे दिसतात. आधी चिडायच्या, "माझ्या ताटात तिकडून डोकावू नकोस." बरोबरच होतं त्यांचं. मग ठरवलं, फक्त ७० खालचा अलार्म माझ्याकडे. आता आपणहून ताटाचे फोटो पाठवतात.

रांगडा_कोल्हापूर:
अ‍ॅपमध्ये जेवण नोंदवताना भाकरी एकाच मापाची. आमच्या आईची ताटाएवढी! पीठ वजन करून नोंद केली. तांबडा रस्सा काही सापडत नाही.

माऊ:
रश्श्यात कार्ब्स (शुगर वाढवणारे पिष्टमय पदार्थ) फार नसतात, सोबतचा भात मोजा. कृती टाका ना.

रांगडा_कोल्हापूर:
टाकतो संध्याकाळी. खोबरं सुकंच हवं.

प्रभाताई:
माझा सेन्सर १४ दिवस चालतो, पेन्शनमध्ये दरवेळी नाही जमत. तीन महिन्यांच्या एचबीएवनसीच्या, म्हणजे सरासरी शुगरच्या तपासणीच्या, आधी एकदा लावते, एरवी ग्लुकोमीटर. आकडे नातू फोनमध्ये भरतो, डॉक्टरांना तेवढं पुरतं.

सायली_ठाणे:
शाळेत फोन चालत नाही, तिथे काय करता?

माऊ:
काही सेन्सरना फोनऐवजी आकडे दाखवणारं वेगळं रीडर मिळतं, विचार. आणि बाईंना कागदावर लिहून दे: ७० खाली गेली की १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तोवर त्याला एकटं सोडायचं नाही.