किंगपिनचा बुश 'फिट' म्हणजे घट्ट की मोकळा?

प्रश्न : ट्रकचा पुढचा ॲक्सल खोललाय, किंगपिनचं, म्हणजे ज्या उभ्या पिनभोवती पुढचं चाक वळतं तिचं आणि तिच्या बुशचं (पिनभोवती बसणाऱ्या नळीचं) काम काढलंय. मेस्त्री म्हणतात पिन फिट पाहिजे, आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हणतात स्टब (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) हाताने फिरला पाहिजे. मग फिट म्हणजे नक्की काय समजायचं? शिवाय किट घेताना 'रेडी बुश' की 'रिमरवाला' (रिमर या हत्याराने आतून मापात कापावा लागतो तो) असं विचारतात, त्यातलं काय घ्यावं?

– दादा, दोन्ही बरोबर आहे, जागा वेगळ्या आहेत एवढंच. पिन मधोमध ॲक्सल बीमच्या (ॲक्सलच्या आडव्या दांड्याच्या) बोअरमध्ये, म्हणजे भोकात बसते, तिथे ती गच्चच हवी, आडवी कॉटर, म्हणजे पाचर ठोकून लॉक करतात ती त्याचसाठी, तिथे तिने अजिबात फिरायचं नाही. स्टबचे वरचे आणि खालचे जे दोन कान आहेत त्यात बुश, आणि स्टेअरिंग वळवलं की बुशसकट स्टब पिनभोवती फिरतो. म्हणजे बीममध्ये फिट म्हणजे जाम, आणि बुशमध्ये फिट म्हणजे हलायला नको पण अडकायलाही नको. शिवाय बुशची बाहेरची बाजू कानात परत घट्टच. एकाच शब्दाला तीन अर्थ, नवीन माणूस गोंधळणारच.

– 'रेडी' या शब्दावर माझा जुना राग आहे 😀 रेडी म्हणजे बसवल्यावर आतून कापावा लागत नाही, बाकी काही रेडी नसतं. साधा बुश हातात असताना पिन त्यात सरळ जाते, म्हणून लोकांना वाटतं झालं काम, पण तोच बुश कानात दाबला की बाहेरून आवळला जातो आणि आतलं माप कमी होतं, मग पिन जात नाही. म्हणून रिमर. आणि रिमर पण लांबवाला पाहिजे, ज्याचं एक टोक समोरच्या बुशमध्ये आधार घेतं, म्हणजे वरचं खालचं भोक एका रेषेत येतं. दोन्ही वेगवेगळे मारले की पिन प्रत्येकात एकेकट्याने छान जाते आणि दोन्हीतून एकदम घालायला गेलं की अडते. मग कोणीतरी हातोडा घेतो, स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि दोष जातो बिचाऱ्या पॉवर स्टेअरिंगवर.

– रेडीत पण दोन जाती आहेत, दोन्हीला एकच नाव लावू नका. एक स्पायरल, म्हणजे पट्टी गुंडाळल्यासारखा, त्या फटीतूनच ग्रीस फिरतं. दुसरा नायलॉनचा, हाताने सरकवला तरी बसतो. गाडी जड माल घेऊन खड्ड्यातून चालणार असेल तर मी नायलॉन घालणार नाही, हलक्या कामाला चालतो. लांब रिमर आणि तो चालवणारा हात मिळत असेल तर रिमरवाला घ्या, नसेल तर स्पायरल. फक्त रेडी बुशला कानाचं बोअर नीट मापात लागतं, ते ओव्हल झालं असेल तर तुमचा रेडी पण तिथे काही करणार नाही.

– जाता जाता, 'पितळी बुश' म्हणतो आपण पण तो बहुतेक वेळा ब्राँझ असतो, म्हणजे तांबं आणि कथील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बोलताना चालून जातं, ऑर्डर देताना नीट सांगा.

– 'प्ले' वर, म्हणजे ढिलेपणावर पण बोला कोणीतरी. प्ले आहे म्हणून बुश बदलले आणि प्ले तसाच, हे लई ठिकाणी होतं. प्ले दोन असतात. आडवा प्ले बुशचा. उभा प्ले, म्हणजे स्टब वरखाली हलतो तो, शिमचा (पातळ चकतीचा), बीमच्या वरच्या बाजूला आणि कानाच्या मधे शिम घालून तो काढायचा. गाडीचं वजन बुशवर नसतंच, ते बीमखालच्या थ्रस्ट बेअरिंगवर, म्हणजे उभं वजन पेलणाऱ्या बेअरिंगवर असतं. चेक करताना चाक जॅकवर उचला, टायर वरून खालून धरून हलवा, मग दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर तो चाकाच्या बेअरिंगचा प्ले होता, किंगपिनचा नाही.

प्रश्न विचारणारा : भारी माहिती. कॉटर काढून बघितलं, नवीन पिन बीमच्या बोअरमध्येच किंचित डुगडुगते. आता?

– मग बुशची चर्चा थांबवा आधी. ते बोअर खाल्लंय, कॉटर कितीही आवळा, पिन परत सैल होणार. भोक मोठं करून आत स्लीव्ह, म्हणजे नळी बसवता येते का ते बघावं लागेल, नाहीतर बीमच बदला.

– आणि बुश 'ठोकला' म्हणतात म्हणून खरंच ठोकू नका हो, प्रेसने दाबा. दाबायच्या आधी बुशचं भोक ग्रीस निप्पलसमोर आलंय ना ते बघा, फिरलं की ग्रीस आत जातच नाही. ग्रीस भरताना चाक उचललेलं ठेवा, वजन टेकलेलं असलं की थ्रस्ट बेअरिंगपर्यंत ग्रीस पोचत नाही.

प्रश्न विचारणारा : ओके, आधी बीम मशीनशॉपला दाखवतो, बुश मग रिमरवालाच घेतो.