जुन्या ऑफिस डेस्कटॉपला १२ हजारांत ग्राफिक्स कार्ड: सेकंडहँड ५८० की १६५०?

कोपरगावकर
मंडळी, घरी डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० आहे, मोठ्या कॅबिनेटचा. आय५-४५९०, १६ जीबी रॅम, एसएसडी नवी टाकलीय. बहीण ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शिकतेय, मला अधूनमधून जीटीए फाइव्ह खेळायचं असतं. बजेट १२ हजार. पुढच्या आठवड्यात मुंबईला जाणार आहे, लॅमिंग्टन रोडवर चक्कर होईल. माझा कल सेकंडहँड आरएक्स ५८० कडे आहे, ८ जीबीवालं. मित्र म्हणतो जीटीएक्स १६५० घे. काय करू?

वॅट_आधी
५८० घेऊ नका. आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं (मशीनला वीज देणाऱ्या डब्यावरचं) लेबल वाचा. या मॉडेलला २९० वॅटचा येतो आणि त्यात कार्डासाठीची सहा किंवा आठ पिनची वायरच नसते. ५८० एकटं १८५ वॅट खातं, बोर्डावरच्या स्लॉटमधून मिळतात फार तर ७५. बाकीचे कुठून आणणार?

दुकानदार साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) वायरीवर चालणारं अडॅप्टर हातात ठेवेल, ते अजिबात घेऊ नका. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. हिशेब केला तर ५४ वॅट. त्यातून शंभर वॅट ओढले की प्लास्टिक मऊ पडतं. पिवळी वायर काळी होऊन पिनेला चिकटलेली मी पाहिलीय. १६५० स्लॉटवरच चालतं, विषय संपला.

पोलारिसवाला
विषय संपत नाही दादा. एसएमपीएस बदलायचा. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा घेतला तरी सेकंडहँड ५८० सकट बजेटच्या आसपास बसतं, आणि तो एसएमपीएस उद्या नव्या मशीनलाही लागेल. १६५० सारखं ४ जीबीचं कार्ड आज घेणं म्हणजे वर्षभरात पुन्हा बाजार गाठणं. नवे गेम टेक्श्चर मध्यमवर ठेवले तरी तेवढी मेमरी भरून टाकतात. फुल एचडीवर ५८० हे १६५० च्या पुढेच राहतं.

मायनिंगची, म्हणजे क्रिप्टो चलनासाठी राबवून झिजलेलं कार्ड मिळेल ही, भीतीही उगाच घातली जाते. सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग थांबलं, तेव्हाचा माल केव्हाच फिरून आलाय. पंखे तपासा, थर्मल पेस्ट बदला, कार्ड चालतं.

वॅट_आधी
९०२० च्या बोर्डाला नेहमीची २४ पिनची वायर बसतच नाही, डेलची स्वतःची ८ पिनची आहे. म्हणजे एसएमपीएस बदलला की वर आणखी एक अडॅप्टर आलं. शिवाय बाजारात ‘५८० २०४८एसपी’ नावाचं कार्ड भरपूर फिरतं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, यात २०४८, म्हणजे जवळपास खालचं ५७० च. स्टिकरवरून कळत नाही, दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघावं लागतं.

आरएक्स६४००
मग आरएक्स ६४०० का नको? ५३ वॅट, वायर नको, नवं मिळतं, वॉरंटी मिळते.

वॅट_आधी
त्याला चारच लेन (बोर्डाशी डेटा ने-आण करायच्या वाटा) आहेत. पीसीआय ४.० च्या वेगवान स्लॉटच्या बोर्डावर चालून जातं, पण हे मशीन जुन्या, हळू ३.० चं. ४ जीबी भरली की उरलेला डेटा त्या चार लेनमधून ये-जा करतो आणि गेम अडखळतो. व्हिडिओ रेकॉर्ड करायला लागणारा एन्कोडरही नाही. जुन्या मशीनला हे कार्ड सुचवणं मला पटत नाही.

रेंडर_रात्रभर
तुम्ही सगळे गेमवरच बोलताय, बहिणीच्या ब्लेंडरचं काय? ५८० एएमडीचं, आणि डिसेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत सायकल्समधून, म्हणजे सीनचं अंतिम चित्र बनवणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) इंजिनातून, ओपनसीएल काढून टाकलं; एएमडीची कार्डं त्यावरच रेंडर करायची. नंतर एएमडीसाठी जी सोय आली त्यात ५८० ची पिढी नाही. म्हणजे ८ जीबीचं कार्ड बसवूनही रेंडर होणार चार कोअरच्या आय५ वर. खोलीचा एक साधा सीन, दोन दिवे आणि काचेचा ग्लास एवढं असलं तरी ती पोरगी स्क्रीनकडे बघत बसेल. १६५० एनव्हिडियाचं, त्यावर त्यांचं कुडा चालतं, म्हणजे रेंडर कार्डावरच होतं. शिकणाऱ्याचा उत्साह अशा वाट बघण्यातच मरतो, म्हणून मला हा मुद्दा सगळ्यांत मोठा वाटतो.

नवं_घ्या
या मशीनवर पैसे घालूच नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि ही चौथी.

रेंडर_रात्रभर
ब्लेंडर लिनक्सवर उत्तम चालतं. १२ हजारांत नवं मशीन कुठे मिळतं तेही सांगा.

पोलारिसवाला
ब्लेंडरचं मान्य, तिथे ५८० बाद. पण ४ जीबीबद्दल मी मागे हटत नाही. बहीण गंभीरपणे शिकत असेल तर दोन-तीन महिने थांबा, पैसे जोडा आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं घ्या. ७० वॅट आहे, वायर लागत नाही, लेन आठ आहेत. आज १६५० घेतलंत तर मोठा सीन आला की पुन्हा इथेच प्रश्न विचाराल.

कोपरगावकर
लेबल वाचलं, २९० च आहे आणि जादा वायर नाही. ५८० बाद. बहिणीला विचारलं, तिचा कोर्स सुरू झालाय, थांबायची तयारी नाही. १६५० बघतो.

वॅट_आधी
मग दोन गोष्टी सांभाळा. काही १६५० वर कंपनीने वेग वाढवून सहा पिनचं सॉकेट दिलेलं असतं, ते चालणार नाही. कार्डाची वरची कड बघा, सॉकेट नसलेलंच घ्या. आणि मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर तिथूनच आणा, या कार्डांना व्हीजीए पोर्ट नसतो.