सकर फूटभर झालाय, जात कोणती आणि पुढे ठेवू कसा?

नमस्कार. एका मित्राने टाकी मोडली, त्यातला सकर (तोंडाने काचेला चिकटणारा) मासा माझ्याकडे आला. शेपटीसकट फूटभर भरतो. अंगभर काळपट ठिपके, पाठीवरचा पर उभारला की चांगला शिडाएवढा. कोणी हायपोस्टोमस म्हणतं, कोणी टेरिगोप्लिक्थिस. टाकी चार फुटी आहे, साधारण २४० लिटर, सोबत एंजल मासे आहेत. हल्ली सकाळी एका एंजलच्या अंगावर फिकट चट्टे दिसतात. हा त्याचाच उद्योग का? शेवाळाच्या गोळ्या सोडून आणखी काय द्यावं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ठिपके बघून जात ठरवू नका, वयाप्रमाणे ते बदलतात. पाठीवरच्या पराच्या काड्या मोजा. पुढचा जाड काटा सोडून ७ असतील तर हायपोस्टोमस, १० किंवा जास्त असतील तर टेरिगोप्लिक्थिस. मग तो काचेला चिकटला की पोटाचा फोटो काढा. टेरिगोप्लिक्थिसमध्ये सुटे ठिपके असतील तर पार्डालिस ही जात, ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. या दोन्हींच्या मधले नमुनेही असतात, तेव्हा फार ताणू नका. दुकानात 'कॉमन प्लेको' या नावाने मिळणारे सकर बहुतेक यातलेच निघतात.

प्रतिसाद २
चट्टे त्याचेच असण्याची शक्यता बरीच. भुकेला सकर रात्री चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो. दिवे मालवल्यावर खायला घाला: काकडी, झुकिनी, उकडलेला मटार, अधूनमधून कोळंबी. टाकीत ड्रिफ्टवुड (टाकीत ठेवायचं लाकूड) असलेलं चांगलं. तरीही थांबला नाही तर दोघांना वेगळं करा.

खरी अडचण जागेची आहे. हे मासे ४० सेंटीमीटरच्या पुढे जातात. टाकी सहा फुटी हवी, दोन फूट रुंद, नाहीतर त्याला धड वळताही येत नाही. 'सकर टाकी साफ ठेवतो' ही दुकानातली थाप. एवढा मासा घाणच जास्त करतो. फिल्टर दणकट ठेवा, दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. हलवताना जाळी वापरू नका, काटे अडकतात. डब्यात घ्या.

धागाकर्ता
काड्या १२ भरल्या, पोटावर नागमोडी रेघा. म्हणजे डिसजंक्टिव्हस! मोठी टाकी सध्या शक्य नाही. घराजवळच्या तळ्यात सोडला तर?

प्रतिसाद १
अजिबात नको. फ्लोरिडा, मेक्सिको, बांगलादेश, सगळीकडे पाळीव मासे सोडल्याने किंवा मत्स्यपालनातून निसटल्याने हा पसरलाय. नर काठाच्या मातीत बिळं खोदतात, काठ ढासळतात. पाण्यात प्राणवायू कमी पडला तरी वर येऊन हवा गिळतो, म्हणून सहजी मरतही नाही. मोठी टाकी असलेला कोणी पाळणारा शोधा किंवा दुकानदाराला परत घ्यायला सांगा. तोवर झाकण घट्ट ठेवा, पण पाण्याच्या वर थोडी हवा राहू द्या.